बिघाड कुठे, औषध कोणते: कमी टेस्टोस्टेरॉन आणि पुरुष वंध्यत्वावरील उपचारांचा आढावा

१९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जागतिक आरोग्य संघटनेच्या एका चाचणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. सात देशांतील दहा केंद्रांवर २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनान्थेटचे इंजेक्शन देण्यात आले होते. हेतू गर्भनिरोधनाचा होता. त्यांपैकी १५७ पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू दिसेनासे झाल्यावर त्यांची जोडपी वर्षभराच्या टप्प्यात केवळ या इंजेक्शनवर विसंबून राहिली, आणि एवढ्या काळात गर्भधारणा झाली ती फक्त एक. ज्या संप्रेरकाला आपण पुरुषत्वाचे सार समजतो, ते बाहेरून दिले की शुक्राणूंची निर्मिती थांबवते, हे तेव्हापासून वादातीत आहे. तरीही २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञांच्या एका पाहणीत सुमारे एक चतुर्थांश डॉक्टरांनी आपण वंध्यत्वावर टेस्टोस्टेरॉन देतो, असे सांगितले. मूल हवे म्हणून आलेल्या पुरुषाला मूल होऊ न देणारे औषध तज्ज्ञांकडूनच मिळत असेल, तर हा प्रश्न एखाद्या डॉक्टरच्या चुकीपुरता राहत नाही. ‘कमी टेस्टोस्टेरॉन’ आणि ‘कमी शुक्राणू’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांची कारणे कधी एक असतात तर कधी अगदी भिन्न. म्हणून अहवालातला आकडा पाहून औषध ठरवणे हीच मूळ चूक आहे. औषध ठरते ते बिघाड कुठे आहे यावरून, हे या लेखाचे प्रतिपादन आहे. तो कुठे आहे हे कळले, तर काही पुरुषांना औषधाने हमखास म्हणावा इतका गुण येतो, काहींना औषधाचा उपयोग नाही हे वेळेत कळते आणि उरलेल्यांची वर्षे वाया जाण्यापासून वाचतात.

हे का घडते ते समजण्यासाठी शरीराची साखळी पाहावी लागते. मेंदूतील हायपोथॅलॅमस ठरावीक वेळाने जीएनआरएच हे संप्रेरक ठोक्याठोक्याने सोडतो. त्या इशाऱ्यावर पियुषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरके रक्तात सोडते. एलएच वृषणातील लायडिग पेशींना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावते, तर एफएसएच शुक्राणूंना पोसणाऱ्या सर्टोली पेशींना कामाला लावते. रक्तात पुरेसे टेस्टोस्टेरॉन आहे असे मेंदूला जाणवले, की तो वरचा इशारा कमी करतो. गच्चीवरची टाकी भरली की मोटार आपोआप बंद व्हावी, तशी ही सोय आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिले, की टाकी भरलेली दिसते आणि मोटार बंद पडते. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असते, आणि शुक्राणू तयार होण्यासाठी हे आतले भरपूर प्रमाणच लागते. २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी पुरुषांना साप्ताहिक टेस्टोस्टेरॉन दिल्यावर वृषणातील पातळी ९४ टक्क्यांनी घसरली. म्हणजे रक्ताचा अहवाल उत्तम आणि वृषण मात्र उपाशी, अशी स्थिती. इंजेक्शन असो, जेल असो वा गोळी, परिणामाची तीव्रता कमीजास्त होईल, दिशा तीच राहते. जिममध्ये स्नायू कमावण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडांचेही हेच आहे. ती टेस्टोस्टेरॉनचीच भावंडे असल्याने शरीर भरदार दिसत असताना वीर्यातले शुक्राणू शून्यावर आलेले असू शकतात.

म्हणून औषधाआधी निदान, हा क्रम मोडता येत नाही. टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त आणि दुपारनंतर कमी असते. ताप, मोठे आजारपण, अपुरी झोप, काही औषधे यांनीही ते खाली येते. त्यामुळे दुपारी कधीतरी दिलेल्या रक्ताच्या एका अहवालावर ‘टेस्टोस्टेरॉन कमी’ हा शिक्का मारणे अशास्त्रीय आहे. अमेरिकी मूत्ररोग संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी केलेल्या तपासण्या आणि सोबत लक्षणे यांची अपेक्षा ठेवतात. त्यांची मर्यादा प्रति डेसिलिटर ३०० नॅनोग्रॅम आहे. त्यानंतरचा खरा उलगडा एलएच आणि एफएसएच करतात. टेस्टोस्टेरॉन कमी आणि ही दोन्हीही कमी किंवा वाढायला हवी असूनही ‘नॉर्मल’च असतील, तर बिघाड वर, मेंदूत किंवा पियुषिका ग्रंथीत आहे. टेस्टोस्टेरॉन कमी पण ही दोन्ही चढलेली असतील, तर मेंदू ओरडून सांगतो आहे आणि वृषण उत्तर देत नाही, म्हणजे बिघाड खाली आहे. सगळेच ठीक असूनही शुक्राणू कमी असतील, तर तो तिसरा, सर्वांत मोठा आणि सर्वांत धूसर गट. याच्या जोडीला वीर्य तपासणी हवीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या सहाव्या आवृत्तीत शुक्राणूंच्या प्रमाणाची खालची संदर्भमर्यादा प्रति मिलिलिटर १ कोटी ६० लाख आणि चलनक्षमतेची ४२ टक्के धरली आहे. पण ही रेषा म्हणजे सुपीक आणि वंध्य यांच्यातली भिंत नाही. मूल झालेल्या पुरुषांतील तळाच्या ५ टक्क्यांची ती सीमा आहे. तिच्याखाली असलेल्या अनेकांना मुले होतात आणि तिच्यावर असलेल्या काहींना होत नाहीत.

पहिला गट संख्येने छोटा, पण औषधांचे खरे यश इथेच दिसते. बिघाड वर असेल, तर वृषण शाबूत असते, त्याला फक्त हुकूम पोहोचत नसतो. वयात येण्याची प्रक्रियाच अडलेली असणे आणि सोबत वास न येणे, असा कालमन सिंड्रोम हा याचा नमुना. पियुषिका ग्रंथीतील गाठ, तिच्यावरची शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार यांनंतरही असे होते. अशा पुरुषाला टेस्टोस्टेरॉन दिले तर दाढी येईल, आवाज भारदस्त होईल, हाडे बळकट होतील, पण मूल होणार नाही. मूल हवे असेल तेव्हा हरवलेला हुकूमच बाहेरून द्यावा लागतो. एलएचचे काम एचसीजी करते. हे संप्रेरक गर्भवती स्त्रियांच्या लघवीतून मिळवतात किंवा जैवतंत्रज्ञानाने बनवतात. ते आठवड्यातून दोन-तीनदा इंजेक्शनने दिले जाते. काही महिन्यांत टेस्टोस्टेरॉन पातळीवर आले तरी शुक्राणू आले नाहीत, तर एफएसएचची जोड दिली जाते. अशा उपचारांवरील अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू आल्याचे दिसते. आधी एकही शुक्राणू नसलेल्या माणसाच्या बाबतीत ही कामगिरी थक्क करणारी आहे. वयात आल्यानंतर बिघाड झालेल्यांना, वृषणांचा आकार बऱ्यापैकी असलेल्यांना आणि बालपणी वृषण खाली न उतरण्याचा त्रास नसलेल्यांना यश लवकर मिळते. इतरांना वर्ष-दोन वर्षे धीर धरावा लागतो. या गटात गर्भधारणा अनेकदा संदर्भमर्यादेच्या खूप खालच्या प्रमाणातही होते. म्हणून अहवालातला आकडा ‘नॉर्मल’ होण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नसते.

याच गटाशी बव्हंशी निगडित, सहज सुटणारी आणि तरीही निसटणारी दोन कारणे वेगळी सांगायला हवीत. पियुषिका ग्रंथीतील प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ हे पहिले. प्रोलॅक्टिन वाढले की जीएनआरएचचा ठोका मंदावतो, कामेच्छा जाते, टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू दोन्ही घटतात. आठवड्यातून एक-दोनदा घ्यायच्या कॅबरगोलिनच्या छोट्या गोळीने ही गाठ बहुतेकदा आकसते, संप्रेरकांची साखळी पुन्हा चालू होते आणि शस्त्रक्रिया टळते. दुसरे कारण म्हणजे आधीच चालू असलेली औषधे. वेदनाशामक अफूजन्य औषधे वरचा इशारा दाबतात. आतड्याच्या आजारावरील सल्फासॅलझिन शुक्राणू कमी करते, आणि ते बदलले की शुक्राणू परततात. टेस्टोस्टेरॉन किंवा अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड घेत असलेल्याच्या बाबतीत तर पहिला उपचार ते थांबवणे हाच असतो. गर्भनिरोधनाच्या ३० अभ्यासांतील सुमारे दीड हजार पुरुषांच्या २००६मधील एकत्रित विश्लेषणात टेस्टोस्टेरॉन थांबवल्यावर शुक्राणूंचे प्रमाण मिलिलिटरला २ कोटींवर परतण्याचा अंदाज सहा महिन्यांत ६७ टक्के, वर्षात ९० टक्के आणि दोन वर्षांत १०० टक्के असा निघाला. हा दिलासा मोठा आहे. पण ते पुरुष मुळात निरोगी होते आणि त्यांना मोजून-मापून डोस मिळाला होता. वर्षानुवर्षे अनेक स्टेरॉइडांचे मिश्रण घेतलेल्या पुरुषाला तेच आश्वासन देता येत नाही. अशा वेळी एचसीजी किंवा क्लोमिफिन देऊन परतीचा काळ कमी करण्याचा प्रयत्न केला जातो. त्यामागचा तर्क पक्का आहे, चाचण्यांचा आधार मात्र तोकडा आहे.

दुसऱ्या गटाबद्दल स्पष्ट बोलणे आवश्यक आहे, कारण खोटी आशा इथेच सर्वाधिक विकली जाते. वृषणच निकामी झाले असेल, तर वरचा हुकूम वाढवून फारसे काही साधत नाही, तो आधीच वाढलेला असतो. एक अधिक एक्स गुणसूत्र असलेल्या क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये, वाय गुणसूत्राचे छोटे तुकडे गळालेले असताना, गालगुंडाच्या साथीत वृषणांना सूज येऊन गेल्यावर किंवा कर्करोगाच्या केमोथेरपीनंतर हीच अवस्था येते. यातली क्लाइनफेल्टर ही स्थिती साधारण सहाशे पुरुषांत एकाला असते आणि पुष्कळांना ती मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावरच कळते. इथे जे घडते ते बहुधा सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या शस्त्रक्रियेने. वृषणात कुठेतरी शिल्लक असलेले निर्मितीचे कोपरे शोधून शुक्राणू काढले जातात आणि प्रयोगशाळेत अंडपेशीत सोडले जातात. क्लाइनफेल्टरच्या रुग्णांमध्येही अनुभवी हातांत यातून सुमारे ४० ते ५० टक्क्यांना शुक्राणू मिळतात. शस्त्रक्रियेआधी औषधांनी टेस्टोस्टेरॉन वाढवावे का, हा प्रश्न अजून खुला आहे. पण आधी टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन देऊ नये, यावर एकमत आहे. याच ठिकाणी दोन यांत्रिक कारणांचा उल्लेख करून पुढे जाऊ. शुक्राणूंची वाट अडलेली असेल किंवा वृषणाभोवतीच्या शिरा फुगलेल्या असतील, म्हणजे व्हॅरिकोसील असेल, तर उत्तर गोळीत नसते. व्हॅरिकोसील वंध्यत्वासाठी येणाऱ्या एक तृतीयांशाहून अधिक पुरुषांमध्ये आढळते, तपासणाऱ्याच्या हाताला कळते, आणि योग्य रुग्णांत शस्त्रक्रियेने सुधारते. हात न लावता केवळ कागदी अहवाल पाहून महिनोन्महिने गोळ्या लिहिल्या जातात, तेव्हा हे साधे निदान हुकते.

आता तिसरा गट. यात कारण न सापडलेले कमी शुक्राणूंचे रुग्ण येतात; लठ्ठपणा आणि मधुमेहामुळे टेस्टोस्टेरॉन घटलेल्या पुरुषांचा विचारही, साखळीत ठळक दोष सापडत नसल्याने, त्यांच्यासोबतच करू. औषधांच्या चिठ्ठ्या सर्वाधिक इथेच लिहिल्या जातात आणि पुरावा सर्वांत विरळ इथेच आहे. पोटावरची चरबी अरोमाटेज नावाच्या विकराने टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेन करते, आणि वाढलेले इस्ट्रोजेन वरचा इशारा दाबते. वजन लक्षणीय घटले की टेस्टोस्टेरॉन वाढते, म्हणून इथले पहिले औषध आहार, चालणे आणि झोप हेच आहे. तंबाखूचेही तसेच. वंध्यत्वासाठी तपासणीला आलेल्या भारतीय पुरुषांच्या एका अभ्यासात तंबाखू चघळण्याचे प्रमाण जितके जास्त, तितके शुक्राणूंचे निकष खालावलेले आढळले. औषधांपैकी सर्वाधिक वापर क्लोमिफिनचा. १९५०च्या दशकात तयार झालेले आणि स्त्रियांमध्ये अंडविमोचनासाठी मान्यता मिळालेले हे औषध मेंदूतील इस्ट्रोजेनचे कुलूप अडवते. मेंदूला इस्ट्रोजेन दिसत नाही, तो एलएच-एफएसएच वाढवतो आणि वृषण स्वतःच अधिक टेस्टोस्टेरॉन बनवते. टॅमॉक्सिफेन याच मार्गाने जाते. मूल हवे असलेल्या, वरचा इशारा मंदावलेल्या पुरुषाला टेस्टोस्टेरॉनऐवजी क्लोमिफिन देणे हा विवेकी पर्याय आहे आणि अमेरिकेतील २०२०ची संयुक्त मार्गदर्शक तत्त्वेही त्याला जागा देतात. पण या कामासाठी त्याला पुरुषांमध्ये औपचारिक मान्यता नाही. त्याचाच शुद्ध घटक असलेल्या एनक्लोमिफिनलाही अमेरिकी औषध प्रशासनाने २०१५मध्ये मान्यता दिली नाही. नजरेत धूसरपणा, मनःस्थितीतील चढउतार, क्वचित रक्ताच्या गुठळ्या, आणि थोड्या रुग्णांत शुक्राणू उलट घटणे, हे त्याचे ज्ञात धोके आहेत. म्हणून औषध सुरू केल्यावर ठरावीक काळाने टेस्टोस्टेरॉन आणि वीर्य दोन्ही पुन्हा तपासले पाहिजेत.

लेट्रोझोल आणि अनॅस्ट्रोझोल ही अरोमाटेज रोखणारी औषधे टेस्टोस्टेरॉनच्या मानाने इस्ट्रोजेन फार वाढलेल्या पुरुषांना, विशेषतः स्थूल पुरुषांना दिली जातात. ती टेस्टोस्टेरॉनचा आकडा वर नेतात यात शंका नाही. पण पुरुषाच्या हाडांनाही इस्ट्रोजेन लागते, त्यामुळे ती दीर्घकाळ देणे धोक्याचे आहे. संप्रेरके मुळात योग्य असलेल्या, कारण न सापडलेल्या पुरुषांना एफएसएचची इंजेक्शने दिल्यास गर्भधारणेचे प्रमाण वाढते, असे काही छोट्या चाचण्या सुचवतात. वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१३च्या आढाव्यात अशा सहा चाचण्या होत्या आणि निष्कर्ष आशादायक असला तरी माणसे थोडी होती. ही इंजेक्शने महाग आहेत, महिनोन्महिने घ्यावी लागतात, आणि कोणत्या पुरुषाला त्यांचा उपयोग होईल हे आधी ओळखण्याची खात्रीची खूण अजून हाती नाही. निवडक रुग्णाला सगळी माहिती देऊन ती सुचवणे योग्य. प्रत्येकाला ‘एकदा करून बघू’ म्हणून देणे मात्र अन्याय आहे.

इथे पहिला आक्षेप येतो. क्लोमिफिनने शुक्राणू वाढल्याचे अहवालात दिसते, मग पुराव्याची एवढी घासाघीस कशासाठी? कारण वीर्याचा आकडा मुळातच चंचल आहे. एकाच पुरुषाचे दोन नमुने काही आठवड्यांच्या अंतराने तपासले तरी त्यांत मोठा फरक पडतो. सर्वांत वाईट अहवालानंतर उपचार सुरू केले, तर पुढचा अहवाल औषधाशिवायही बरा येण्याची शक्यता असते. शिवाय शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला सुमारे तीन महिने लागतात. त्यामुळे महिन्याभरात दिसलेली ‘सुधारणा’ औषधाची नसतेच. आणि जोडप्याला आकडा नको असतो, मूल हवे असते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९२मध्ये १९० जोडप्यांवर केलेल्या दुहेरी अंध चाचणीत क्लोमिफिनचा प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा, फायदा दिसला नाही. दुसरीकडे २०१०मधील ६० पुरुषांच्या चाचणीत क्लोमिफिन आणि ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत गर्भधारणा सुमारे ३७ टक्के, तर प्लासिबो घेणाऱ्यांत १३ टक्के होती. दोन्ही चाचण्या मनापासून केलेल्या आहेत, निष्कर्ष उलटसुलट आहेत. यातून क्लोमिफिन निरुपयोगी आहे असे ठरत नाही. ठरते ते एवढेच, की कारण न सापडलेल्या गटावर ते सरसकट चालते असा दावा करता येत नाही. तीन ते सहा महिन्यांची मुदत ठरवून, आधी लिहून ठेवलेल्या अपेक्षेशी ताडून ते वापरावे आणि मुदत संपली की थांबून पुढचा निर्णय घ्यावा, हेच प्रामाणिक धोरण आहे.

दुसरा आक्षेप पूरक गोळ्यांचा. जस्त, फॉलिक आम्ल, कार्निटिन, कोएन्झाइम क्यू १०, लायकोपिन यांच्या चकचकीत पुड्या निरुपद्रवी आहेत, मग घेतल्या तर काय बिघडले? २०२०मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत २,३७० जोडप्यांतील पुरुषांना सहा महिने जस्त आणि फॉलिक आम्ल किंवा प्लासिबो दिले गेले. जिवंत बाळ जन्माला येण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ३४ टक्के, तर प्लासिबो घेणाऱ्यांत ३५ टक्के होते. पोटाच्या तक्रारी मात्र औषध घेणाऱ्यांत जास्त होत्या. त्याच वर्षी क आणि ई जीवनसत्त्वे, सेलेनियम, कार्निटिन, जस्त, फॉलिक आम्ल आणि लायकोपिन यांच्या मिश्रणाची चाचणीही काही फायदा न दाखवता संपली. अश्वगंधेबाबत भारतीय संशोधकांनी २०१३मध्ये ४६ पुरुषांवर प्राथमिक चाचणी केली आणि तीत शुक्राणू लक्षणीय वाढल्याचे नोंदवले. ही नोंद पुढे तपासण्याजोगी आहे. पण ४६ माणसांच्या, बाळांच्या जन्माचे मोजमाप नसलेल्या चाचणीवर कोणाचे आयुष्य बेतता येत नाही, आणि अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याची प्रकरणेही नोंदली गेली आहेत. मर्दानगी परत आणण्याच्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी देशात १९५४पासून औषधे आणि जादुई उपाय कायदा आहे. तरीही रेल्वेमार्गालगतच्या भिंतींपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत त्या चालूच आहेत. पुड्यांचा खरा तोटा पैशापुरता नाही. त्यांच्या भरवशावर सहा महिने, वर्ष निघून जाते आणि व्हॅरिकोसील, प्रोलॅक्टिनची गाठ किंवा पत्नीचे वाढते वय यांकडे लक्ष जात नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो पुरुषाच्या वेदनेतून येतो. थकवा, उदासी, मावळलेली कामेच्छा यांनी पिचलेल्या माणसाला ‘मूल हवे ना, मग टेस्टोस्टेरॉन नाही’ असे सांगणे निष्ठुर नाही का? टेस्टोस्टेरॉन उपचाराला विरोध करण्याचे कारण नाही. खऱ्या कमतरतेत तो उपकारक आहे. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६५ वर्षांवरील पुरुषांच्या चाचण्यांत लैंगिक कार्यात माफक, पण खरी सुधारणा दिसली. हृदयविकाराच्या धास्तीबाबत २०२३च्या ‘ट्रॅव्हर्स’ चाचणीने पाच हजारांहून अधिक पुरुषांत दिलासा दिला. हृदयविकार, पक्षाघात आणि हृदयमृत्यू यांचे एकत्रित प्रमाण टेस्टोस्टेरॉन गटात ७ टक्के आणि प्लासिबो गटात ७.३ टक्के होते. मात्र हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आणि फुप्फुसातील गुठळ्या टेस्टोस्टेरॉन गटात काहीशा अधिक आढळल्या. पण हे सगळे मुख्यतः पितृत्वाचा टप्पा ओलांडलेल्या वयाबद्दल आहे. तिशीतल्या, मूल हवे असलेल्या माणसासाठी लक्षणे आणि शुक्राणू दोन्ही सांभाळणारे मार्ग उपलब्ध आहेत. बिघाड वर असेल तर एचसीजी किंवा क्लोमिफिन वृषणाकडूनच टेस्टोस्टेरॉन बनवून घेतात. टेस्टोस्टेरॉन टाळताच येत नसेल, तर सोबत एचसीजीचे छोटे डोस देण्याचा विचार होतो. वर उल्लेखलेल्या २००५च्या अभ्यासात अशा डोसाने वृषणातील टेस्टोस्टेरॉन जवळजवळ मूळ पातळीवर टिकले होते. तरीही ही हमी नाही. म्हणून उपचार सुरू करण्यापूर्वी शुक्राणू गोठवून ठेवणे हा सोपा आणि भरवशाचा विमा आहे. रुग्णाला निवडीचा हक्क आहे, आणि त्या हक्कासाठी टेस्टोस्टेरॉनने मूल होणे थांबू शकते हे पहिल्याच भेटीत, संमतीची सही घेण्याआधी, त्याला कळले पाहिजे.

चौथा आक्षेप तंत्रज्ञानाच्या बाजूने येतो. एकच शुक्राणू अंडपेशीत सोडणारी इक्सी पद्धत १९९२पासून उपलब्ध आहे, मग पुरुषाच्या औषधांत वेळ कशाला घालवायचा? पत्नीचे वय पस्तिशीच्या पुढे असेल, तर हा युक्तिवाद बराचसा खरा आहे. स्त्रीची बीजसंपदा ज्या वेगाने ओसरते, तो वेग पुरुषाच्या कोणत्याही गोळीला थांबवता येत नाही. म्हणूनच औषधाची मुदत जोडप्याच्या घड्याळाकडे पाहून ठरवली पाहिजे. पण हा युक्तिवाद सरसकट स्वीकारला, तर पुरुषातल्या दोषासाठी रोज इंजेक्शने, भूल आणि अंडाशयांच्या अतिउत्तेजनाचा धोका स्त्रीने पत्करायचा, असा त्याचा अर्थ होतो. कॅबरगोलिनने किंवा एचसीजीने जो पुरुष घरच्या घरी बाप होऊ शकतो, त्याच्या पत्नीला या वाटेवर पाठवणे हा उपचार नाही, आळस आहे. शिवाय वीर्य तपासणी ही पुरुषाच्या प्रकृतीचीही खिडकी आहे. शुक्राणू शोधता शोधता पियुषिकेची गाठ, गुणसूत्रांतील दोष, मधुमेह, कधी वृषणाचा कर्करोगही सापडतो. थेट प्रयोगशाळेत उडी घेतली तर हे आजार तसेच राहतात.

या सगळ्या पुराव्यातून एक सुसंगत चित्र तयार होते. औषधांची ताकद बिघाडाच्या जागेवर अवलंबून आहे. वर बिघाड असेल तर ती मोठी आहे, खाली असेल तर नगण्य, आणि तिसऱ्या, मोठ्या गटात अनिश्चित. टेस्टोस्टेरॉन या तिन्ही ठिकाणी मूल हवे असताना वर्ज्य आहे. हे चित्र नवे नाही, गर्भनिरोधनाची चाचणी होऊन तीन दशकांहून अधिक काळ लोटला. ते व्यवहारात उतरत नाही, याचे मूळ आपल्या घरांत आहे. मूल होत नाही असे दिसले की सूनबाईच्या तपासण्या सुरू होतात, नवस बोलले जातात, सोनोग्राफी आणि दुर्बिणीतून तपासणीही उरकते, आणि काही शे रुपयांची, सुईसुद्धा न टोचणारी वीर्य तपासणी सर्वांत शेवटी, कुरकुरत होते. जोडप्यांच्या वंध्यत्वात सुमारे निम्म्या वेळा पुरुषाच्या बाजूचा काहीतरी वाटा असतो, हे लक्षात घेतले तर हा क्रम स्त्रीवर अन्याय करणारा आहेच, पुरुषाचेही नुकसान करणारा आहे. कारण ज्या पुरुषाला पुरुषत्वाची शंका येईल म्हणून तपासणीची लाज वाटते, तोच गुपचूप टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन घेतो आणि असलेले शुक्राणूही घालवतो.

म्हणून बदल दोन ठिकाणी हवा. जननक्षम वयातल्या पुरुषाला टेस्टोस्टेरॉन लिहिण्यापूर्वी ‘तुम्हाला मूल हवे आहे का, आज नाही तर पुढे?’ हा प्रश्न विचारणे आणि त्याचे उत्तर कागदावर नोंदवणे, डॉक्टरांसाठी एलएच-एफएसएचच्या तपासणीइतकेच अनिवार्य व्हावे. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय ही इंजेक्शने मिळू नयेत, हा नियम आहेच, तो पाळला जावा. आणि जोडप्यांनी कोणतीही गोळी सुरू करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: माझा बिघाड नेमका कुठे आहे, या औषधाने मुले झाल्याचा पुरावा आहे की फक्त आकडा वाढल्याचा, आणि किती महिन्यांनी आपण थांबून पुन्हा ठरवणार आहोत. या तीन प्रश्नांची उत्तरे देणारा डॉक्टर बहुधा योग्य औषध देईल, किंवा औषधाची गरज नाही हे सांगण्याचे धैर्य दाखवील. दोन्हींत जोडप्याचे भलेच आहे.